खातेदाराचे नाव आणि बँकेची जबाबदारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बँकेतून दुसऱ्याच्या खात्यावर पैसे पाठवावयाचे झाल्यास जो अर्ज भरावा लागतो, त्यात तीन रकाने महत्त्वाचे असतात : ज्याला पैसे पाठवावयाचे त्याचे नाव, त्याच्या खात्याचा क्रमांक आणि त्याच्या शाखेचा आयएफएससी संकेतांक. अर्ज भरणारा शेतकरी वा मजूर सर्वांत जास्त काळजी घेतो ती नावाच्या रकान्याची. नाव बरोबर लिहिले की पैसे बरोबर माणसाला पोचतील अशी त्याची समजूत असते, आणि ती स्वाभाविक आहे. कारण पैसे माणसाला द्यावयाचे असतात, क्रमांकाला नव्हे. परंतु कित्येक वर्षे भारतातील बँकव्यवहारात ह्या रकान्याला रक्कम जमा करण्याच्या दृष्टीने काहीच किंमत नव्हती. नाव सक्तीने लिहून घ्यावयाचे, पण जमा मात्र केवळ क्रमांक पाहून करावयाची, अशी रीत होती. एप्रिल २०२५ पासून ह्या स्थितीत थोडा बदल झाला आहे. तो बदल कोणता, तो अपुरा का, आणि परभणीसारख्या जिल्ह्यातील श्रमिकांचा त्याच्याशी संबंध काय, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

विषय तांत्रिक वाटेल. संगणक, संकेतांक, परिपत्रके ह्यांची भाषा त्यात आहे खरी. पण मूळ प्रश्न जुना आणि साधा आहे. व्यवहारात चूक झाली किंवा लबाडी झाली, तर नुकसान कोणी सोसावयाचे? ज्याच्या हाती नाव तपासण्याची साधने आहेत त्याने, की ज्याच्या हाती काहीच नाही त्याने? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या रीतीने दिले गेले आहे, त्यात समाजातील बलवान आणि दुर्बळ ह्यांच्यातील अंतर स्वच्छ दिसते.

नाव पाहणे हे कर्तव्य होते

भारतात पोस्टाची मनिऑर्डर १८८० साली सुरू झाली. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या कामगाराने गावी पाठविलेली रक्कम पोस्टमन नाव विचारून, माणूस ओळखून, सही वा अंगठा घेऊन आणि गरज पडल्यास साक्षीदार उभा करून हाती देई. ह्या व्यवस्थेत लबाडी होतच नसे असे नाही. परंतु पैसे हाती देण्यापूर्वी माणूस तोच आहे ना हे पाहणे देणाऱ्या यंत्रणेचे काम आहे, हे तत्त्व सर्वांना मान्य होते.

धनादेशाच्या कायद्यातही तेच तत्त्व आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम १३१ रेखित धनादेशाची रक्कम वसूल करणाऱ्या बँकेला संरक्षण देते. पण ते दोन अटींवर. बँकेने सद्भावनेने वागले पाहिजे आणि तिच्याकडून हयगय झालेली असता कामा नये. एकाच्या नावाचा धनादेश दुसऱ्याच्याच खात्यावर जमा झाला, तर ‘क्रमांक तोच लिहिला होता’ एवढे म्हणून बँकेची सुटका होत नसे. नाव पाहिले होते काय, हा प्रश्न तिला विचारला जाई.

परभणी जिल्ह्यात आधुनिक बँक उशिरा आली. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची हैदराबाद स्टेट बँक १९४१ च्या कायद्याने स्थापन झाली; पुढे तीच स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. जुलै १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, ऑगस्ट १९७६ मध्ये नांदेड येथे मराठवाडा ग्रामीण बँक निघाली, आणि त्यानंतर जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड, पालम ह्या भागांतील सामान्य माणसाला बँकेची पायरी चढण्याचे काही कारण मिळाले. त्या काळी खातेवही हाताने लिहिली जाई. रक्कम मांडणारा कारकून नाव आणि क्रमांक एकाच पानावर पाही, आणि दोहोंत तफावत आढळली की चौकशी करी. त्या कारकुनाच्या ओळखीत गावातील प्रतिष्ठितांना झुकते माप मिळे, दलित वस्तीतील वा तांड्यावरील माणसाला ताटकळावे लागे, हेही विसरून चालणार नाही. म्हणून जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्या व्यवस्थेत एक चांगली गोष्ट होती आणि नवी व्यवस्था आणताना ती टाकून देण्यात आली, एवढे मात्र म्हटले पाहिजे.

२०१० चे परिपत्रक

रिझर्व्ह बँकेने मोठ्या रकमांसाठी आरटीजीएस ही प्रणाली मार्च २००४ मध्ये आणि सर्वसाधारण रकमांसाठी एनईएफटी ही प्रणाली नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू केली. परभणीच्या शाखेत भरलेले पैसे पुण्यातील वा हैदराबादेतील खात्यावर काही तासांत पोचू लागले. ही सोय मोठी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. प्रारंभी ह्या प्रणालींच्या नियमांत नाव आणि क्रमांक हे दोन्ही जुळवून पाहण्याची अपेक्षा होती. व्यवहारात मात्र बँकांनी अडचण मांडली. भारतातील नावे लिहिण्याची एकच ठराविक रीत नाही. आद्याक्षरे, संक्षेप, वर्णलेखन ह्यांत फरक पडतो. त्यामुळे यंत्र थांबते, माणसाला हात घालावा लागतो आणि रक्कम जमा होण्यास विलंब होतो.

ही अडचण खरी होती. तिच्यावर काढलेला तोडगा मात्र एकतर्फी होता. १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने असे ठरविले की, पाठवणीच्या सूचनेत नाव असणे सक्तीचे राहील. परंतु रक्कम घेणाऱ्या बँकेला केवळ खाते क्रमांकाच्या आधारे ती जमा करता येईल. क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची. बँकांनी तशी सूचना आपल्या अर्जांवर आणि संगणकाच्या पडद्यावर ठळक द्यावी, असेही सांगण्यात आले. १ जानेवारी २०११ पासून ही पद्धत लागू झाली.

ह्याचा प्रत्यक्ष अर्थ कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. भारतातील बँकांचे खाते क्रमांक एकाच लांबीचे नाहीत. कोठे ते अकरा आकडी आहेत, कोठे पंधरा, कोठे सोळा. समजा, चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलाने सोनपेठजवळच्या गावातील वडिलांच्या खात्यावर दहा हजार रुपये पाठविले आणि एक आकडा चुकला. त्या क्रमांकाचे खाते अस्तित्वातच नसेल, तर रक्कम परत येते. पण तो क्रमांक दुसऱ्या कोणाच्या खात्याचा असेल, तर रक्कम बिनबोभाट त्या परक्या खात्यात जमा होते. अर्जावर वडिलांचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे, बँकेच्या संगणकात परक्याचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे, आणि तरीही ही दोन नावे शेजारी ठेवून पाहण्याचे काम कोणाकडेच दिलेले नाही.

पुढची वाट अधिक बिकट आहे. खातेदाराच्या संमतीवाचून बँक ती रक्कम सहसा परत काढून घेत नाही. चुकून मिळालेले पैसे परत केले पाहिजेत, असे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७२ सांगते. पण ते बजावून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते. दहा हजार रुपयांसाठी वकील लावणे त्या कामगाराला परवडत नाही. थोडक्यात, कायदा त्याच्या बाजूने आहे. पण कायद्यापर्यंत पोचण्याचा खर्च त्याच्या विरुद्ध आहे.

अनधिकृत व्यवहारांच्या बाबतीत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढले, आणि ते एक चांगले पाऊल होते. परंतु खातेदाराच्या नकळत कोणी पैसे काढले, तर त्याचे संरक्षण. खातेदाराने स्वतःच, भुलथापांना बळी पडून वा आकडा चुकून, पैसे पाठविले तर ते नाही. फसवणुकीचा मोठा ओघ नेमका ह्याच वाटेने वाहतो. ‘विद्युत मंडळातून बोलतो’, ‘खत कंपनीतून बोलतो’, ‘पोलीस ठाण्यातून बोलतो’ असे सांगून क्रमांक दिला जातो. त्या क्रमांकामागचे नाव पाठविणाऱ्याला आधी दिसले असते, तर यांतील कित्येक व्यवहार तेथेच थांबले असते.

एप्रिल २०२५ पासून काय बदलले

यूपीआय ह्या भ्रमणध्वनीवरील पद्धतीत पैसे पाठविण्यापूर्वी समोरच्याचे नाव दिसते, हे परभणीच्या बाजारातील भाजीवालीलाही ठाऊक आहे. तेथेही गोम होती. काही ठिकाणी खातेदाराचे बँकेतील नाव न दिसता, त्याने स्वतः ठेवलेले वा पाठविणाऱ्याने आपल्या भ्रमणध्वनीत साठविलेले नाव दिसे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०२५ मध्ये आदेश काढून, बँकेच्या दफ्तरातील नावच दाखवावे, असे बंधन घातले आणि त्यासाठी ३० जून २०२५ ही मुदत दिली.

आरटीजीएस आणि एनईएफटी ह्यांच्यासाठी तशी सोय नव्हती. ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ती करण्यास सांगितले, आणि १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व सहभागी बँकांनी ती उपलब्ध करून द्यावी, असे ठरविले. पाठविणाऱ्याने खाते क्रमांक आणि आयएफएससी दिला की घेणाऱ्या बँकेच्या दफ्तरातून खातेदाराचे नाव येते व त्याला दाखविले जाते. ते पाहून त्याने ठरवावे की पैसे पाठवावयाचे की नाही. ही सोय भ्रमणध्वनी व संगणक ह्यांवर जशी आहे, तशीच शाखेत येऊन पैसे पाठविणाऱ्यालाही आहे. आणि तिच्यासाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येत नाही. प्रत्येक तपासणीला स्वतंत्र संदर्भ क्रमांक असतो आणि वाद उत्पन्न झाल्यास तो क्रमांक व संगणकातील नोंद ह्यांच्या आधारे दोन्ही बँकांनी तो सोडवावयाचा आहे.

शाखेतील सोय ही ह्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्याच्याकडे साधा भ्रमणध्वनी आहे, ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, जो अजून अर्जावरच पैसे पाठवितो, त्याचा हा हक्क आहे. पण हक्क असणे आणि तो माहीत असणे ह्यांत अंतर असते. खिडकीवरच्या गर्दीत ‘नाव दाखवा’ असे म्हणण्याचे धैर्य त्याला कोणी तरी दिले पाहिजे.

उणिवा मात्र स्पष्ट आहेत. यंत्र नाव दाखविते. ते जुळते की नाही, हे सांगत नाही. निर्णय पाठविणाऱ्याचा, म्हणून चुकीचे ओझेही पुन्हा पाठविणाऱ्याचेच. काही कारणाने नाव दिसलेच नाही, तरी त्याच्या इच्छेनुसार व्यवहार पुढे जाऊ शकतो. आणि ज्या नावाने दाखविले जाते ते सामान्यतः इंग्रजी लिपीत असते. मराठी वाचणाऱ्या आणि अंगठा उठविणाऱ्या माणसाला त्या अक्षरांचा उपयोग कितपत होणार?

इंग्लंड व युरोपचा अनुभव

इंग्लंडमध्ये ग्राहक संघटनेने सप्टेंबर २०१६ मध्ये ह्या प्रश्नावर अधिकृत तक्रार दाखल केली. तेथेही त्या वेळी नाव लिहून घेतले जाई आणि पाहिले जात नसे. नियामक संस्थेने सहा मोठ्या बँकसमूहांवर नाव जुळविण्याचे बंधन घातले आणि २०२० मध्ये ती पद्धत सुरू झाली. तेथे पाठविणाऱ्याने आधी नाव लिहावयाचे. मग यंत्र उत्तर देते : जुळते, जवळपास जुळते, अथवा जुळत नाही. म्हणजे तुलनेचे काम बँकेने करावयाचे. त्यापुढे जाऊन, फसवणुकीस बळी पडून ग्राहकाने स्वतः केलेल्या पाठवणीचीही भरपाई ७ ऑक्टोबर २०२४ पासून, काही अपवाद वगळता, ८५ हजार पौंडांच्या मर्यादेपर्यंत बँकांवर बंधनकारक झाली. तिचा अर्धा भार पाठविणाऱ्या बँकेने आणि अर्धा घेणाऱ्या बँकेने उचलावयाचा. युरो चलनाच्या देशांतही ९ ऑक्टोबर २०२५ पासून नावाची विनामूल्य पडताळणी सक्तीची झाली आहे.

इंग्लंडच्या भांडवलदार बँका दयाळू आहेत म्हणून हे घडले नाही. नुकसानीचा भार बँकेवर टाकला की बँक नाव तपासण्याची साधने शोधते. तो ग्राहकावर टाकला की ती सूचनाफलक लावते. हा अनुभव भारताने घेण्यासारखा आहे.

घेणाऱ्याच्या नावाची कथा

आतापर्यंत पैसे पाठविणाऱ्याचा विचार झाला. परंतु परभणी जिल्ह्यातील बहुसंख्य कष्टकऱ्यांचा बँकेशी संबंध येतो तो पैसे घेणारा म्हणून : अनुदान, विमा, निवृत्तिवेतन, रोजगार हमीची मजुरी. येथे एक विपरीत गोष्ट दिसते. पाठवणीत ज्या नावाकडे कोणी पाहत नव्हते, तेच नाव हक्काचे पैसे मागताना अक्षर अक्षर तपासले जाते.

एका बाईचा विचार करावा. तिचे नाव सातबाऱ्यावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे, आधारवर तिसरे आणि बँकेच्या पुस्तकात चौथे असू शकते. माहेरचे नाव, सासरचे नाव. ‘बाई’ लावलेले वा गाळलेले. आडनाव आधी वा शेवटी. पतीचे नाव ‘राव’ लावून वा न लावता. मुसलमान कुटुंबात ‘शेख’, ‘सय्यद’, ‘बी’, ‘बेगम’ ह्यांचे स्थान कागदागणिक बदलते. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत निरनिराळ्या तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते आणि ती प्रत्येक तऱ्हा यंत्राला निराळा माणूस वाटते. ह्या जिल्ह्याच्या जुन्या महसुली नोंदी उर्दू व मोडीत होत्या. तेथून त्या मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत आल्या. ह्या प्रवासात नावाचे रूप बदलले, तर तो दोष त्या बाईचा नव्हे, दप्तराचा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव घालणे शासकीय कागदपत्रांसाठी बंधनकारक केले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण त्या मुलांच्या नावाची ठेवण आईबापांच्या नावांहून निराळी असणार, ह्याची तयारी बँकांच्या संगणकांत आजच व्हावयास हवी.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०२४ पासून राष्ट्रीय रोजगार हमीची मजुरी आधारवर आधारलेल्या पद्धतीनेच देण्याची सक्ती केली. त्यासाठी जॉबकार्डावरील नाव आणि आधारवरील नाव जुळणे आवश्यक होते. न जुळल्यास मजूर खोदकाम करून बसला तरी मजुरी अडकत असे. येथे पाठवणीतली सबब कोणी सांगितली नाही. भारतातील नावे निरनिराळ्या रीतींनी लिहिली जातात, म्हणून नावाकडे दुर्लक्ष करू, असे बँकांच्या सोयीसाठी २०१० साली म्हणण्यात आले. मजुराच्या सोयीसाठी तसे म्हणण्यात आले नाही.

आणि एकदा आधार जुळले की पुन्हा नाव बाजूला पडते. आधारच्या मार्गाने जाणारी रक्कम खाते क्रमांकावर जात नाही. आधार क्रमांक शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला असेल त्या बँकेतील खात्यावर ती जाते. २०१७ मध्ये ह्याचा मोठा प्रत्यय आला. भ्रमणध्वनीचे सिमकार्ड आधारशी जोडण्यास गेलेल्या ग्राहकांची खाती, त्यांची स्पष्ट संमती न घेता, एअरटेल पेमेंट्स बँकेत उघडली गेली आणि स्वयंपाकाच्या गॅसचे त्यांचे अनुदान त्या अनोळखी खात्यांत जाऊ लागले. आधार प्राधिकरणाने डिसेंबर २०१७ मध्ये त्या कंपनीचा ई-केवायसी परवाना निलंबित केला आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेस ५ कोटी रुपयांचा दंड केला. पैसे त्याच माणसाच्या नावे जमा झाले होते हे खरे. पण ते कोठे आहेत, हेच त्याला माहीत नव्हते.

उलट बाजूचे उदाहरण २०२४ साली सुरू झालेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे. महिलेच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यावर दरमहा दीड हजार रुपये, अशी ती योजना. तरीही १४ हजारांहून अधिक पुरुषांनी तिचा लाभ घेतल्याचे २०२५ मध्ये पडताळणीतून बाहेर आले. गरीब बाईला एका वेलांटीसाठी हेलपाटे घालावे लागतात आणि त्याच चाळणीतून हजारो पुरुष सहज निसटतात, ह्याचा अर्थ तपासणी कडक आहे असा नसून ती चुकीच्या जागी कडक आहे, असा होतो.

गंगाखेडचा धडा

नाव तपासणे म्हणजे अक्षरे जुळविणे नव्हे, हे समजण्यासाठी परभणी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. ऊसतोडणी व वाहतुकीसाठी म्हणून शेतकऱ्यांच्या नावे निरनिराळ्या बँकांतून कर्जे उचलण्यात आली आणि त्या शेतकऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता, असा आरोप गंगाखेड शुगर अँड एनर्जी ह्या खासगी साखर कारखान्यावर झाला. बँकांच्या वसुलीच्या नोटिसा हाती पडल्या तेव्हा आपण कर्जदार आहो हे आपल्याला कळले, असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. जुलै २०१७ मध्ये गंगाखेड येथे गुन्हा नोंदला गेला. सुमारे ३२८ कोटी रुपयांच्या कर्जांचा तो विषय होता. डिसेंबर २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कारखान्याशी संबंधित सुमारे २५५ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली. आरोपींच्या दोषादोषाचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. त्याविषयी येथे मत देण्याचे कारण नाही.

परंतु बँकांविषयी प्रश्न विचारलाच पाहिजे. येथे तर नाव होते, क्रमांक होता, सातबारा होता, छायाचित्र होते. कागदोपत्री सर्व काही जुळत होते. शेतकऱ्यांचे म्हणणे खरे मानले, तर नव्हता तो फक्त माणूस. ज्याच्या नावे कर्ज मंजूर होत आहे, त्याच्याशी कोणी एकदा बोलले असते, त्याच्या गावी गेले असते, मंजुरीची सूचना त्याच्या भाषेत त्याच्या घरी पोचली असती, तर प्रकरण नोटिशीपर्यंत पोचलेच नसते. रोजगार हमीच्या जुन्या हजेरीपटांवरील खोटी नावे पकडण्यासाठी मराठवाड्यातील कार्यकर्ते कामावर जाऊन माणसे मोजत असत. बँकेच्या दफ्तरातील नावांनाही तेच माप लावावयास हवे.

आज हाच प्रकार उलट्या दिशेने चालतो. गरीब, बेकार तरुणाला चार-दोन हजार रुपये देऊन त्याच्या नावे खाते उघडावयाचे, त्याचे पुस्तक, कार्ड आणि सिम ताब्यात घ्यावयाचे आणि फसवणुकीचे पैसे त्यातून फिरवावयाचे. अशा भाड्याच्या खात्यावर पैसे पाठविताना दिसणारे नाव खरेच असते. खाते चालविणारा मात्र निराळा असतो. पोलीस शेवटी पोचतात ते त्या तरुणाच्या झोपडीपाशी. म्हणून नावाची तपासणी आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागणार नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, नाव जुळविण्याचे बंधन घातल्यास व्यवहार रखडतील. २०१० मध्ये ह्यात काही तथ्य होते. आज यूपीआयवर प्रचंड संख्येने व्यवहार होतात आणि प्रत्येकात नाव क्षणात दिसते. तेव्हा ही सबब आता उरलेली नाही. नावात थोडा फरक असला, तर व्यवहार अडवू नये. फरक आहे एवढे स्पष्ट सांगावे आणि नाव पूर्णपणे निराळे असेल तर थांबवून विचारावे.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. केवळ क्रमांक टाकून कोणाचेही नाव कळू लागले, तर तीच माहिती ठकाच्या हाती पडेल. भारतीय पद्धतीत नाव सरळ दाखविले जात असल्याने हा धोका अधिक आहे. पाठविणाऱ्याने आधी नाव द्यावे आणि यंत्राने फक्त जुळणीचा निकाल सांगावा, ही इंग्लंडची रीत ह्या दृष्टीने सरस ठरते.

काय मागावयाचे, काय करावयाचे

ह्या विवेचनातून काही मागण्या निघतात. एक, नाव जुळविण्याचे काम बँकेचे असावे. पूर्णपणे निराळ्या नावाच्या खात्यात रक्कम गेल्यास ती परत मिळवून देण्याची प्राथमिक जबाबदारी दोन्ही बँकांची असावी. दोन, नाव ग्राहकाच्या भाषेत दिसावे आणि शाखेत ते वाचून दाखविले जावे. तीन, शासकीय लाभात नावातील किरकोळ फरकावरून रक्कम अडवू नये. रक्कम आधी द्यावी आणि दुरुस्तीची जबाबदारी कार्यालयाने स्वतःकडे घ्यावी. चार, आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे आणि तो केव्हा बदलला, ह्याची लेखी सूचना खातेदाराला मिळावी. पाच, कर्ज मंजूर करण्यापूर्वी कर्जदाराची प्रत्यक्ष भेट आणि त्याच्या भाषेतील सूचना बंधनकारक असावी. मध्यस्थ कारखान्याचे वा कंपनीचे शिफारसपत्र पुरेसे मानू नये.

मागण्या मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आज जे हक्क आहेत ते वापरले गेले पाहिजेत. आठवडी बाजाराच्या दिवशी कार्यकर्त्यांनी शाखेत उभे राहून पैसे पाठविणाऱ्यांना नाव पाहून घेण्यास सांगावे. सोय नाकारल्यास लेखी उत्तर मागावे. फसवणूक झाल्यास पहिल्या तासातच १९३० ह्या क्रमांकावर कळवावे आणि शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही ह्या योजनेखाली आणण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. परभणी व हिंगोलीच्या सहकारी बँकेतील खातेदारांना ही गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. ज्यांचे अनुदान आले नाही, त्यांचे आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे हे पाहून द्यावे. आणि तरुणांना स्पष्ट बजावावे की, आपले खाते भाड्याने देणे म्हणजे आपले नाव गुन्हेगाराच्या हवाली करणे होय.

बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा लहान माणसाला बँकेत प्रवेश मिळावा, ही मागणी होती. तो प्रवेश बहुतांशी मिळाला आहे. वाडीतांड्यावरील बाईचेही आज खाते आहे. आता मागावयाचे आहे ते असे की, तिच्या पैशाला वाट दाखविताना बँकेने तिचे नाव पाहावे, आणि तिचे हक्काचे पैसे अडविण्यासाठी मात्र त्या नावाचा उपयोग करू नये. हे काम परिपत्रकाने होईल तेवढे होईल. उरलेले, प्रत्येक तालुक्यातील शाखेच्या खिडकीपाशी उभे राहून करावे लागेल.